सर्पगंधा मोजणारा डॉक्टर

तुमच्या घरात एक डबा असेलच. श्रीखंडाचा रिकामा, नाहीतर जुन्या मोबाइलचा खोका. त्यात रबर लावलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, दोन-तीन चिठ्ठ्या आणि कधीच न संपणारी बामची बाटली. त्या स्ट्रिप्समधली एक बीपीची असते. कॉलेजातून येता येता मेडिकलवरून ती तुम्हीच आणता. नाव पाठ असतं, किंमत पाठ असते. ती गोळी पोटात गेल्यावर नेमकं काय करते, हे मात्र आपण कुणाला विचारलेलं नसतं. मीही नव्हतं विचारलं.

विचारायची वेळ आली ती आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात घराजवळच्या दवाखान्यात त्यांचं बीपी १२०/८० आलं आणि त्या आनंदात त्यांनी गोळी बंद केली. आजार गेला तर औषध कशाला, असा साधा हिशेब. शिवाय ओळखीतल्या एकाने पुडी आणून दिली होती, सर्पगंधाच्या मुळीची. महिना-दीड महिना सगळं झकास. मग जळगावला एका लग्नाला निघाले आणि बसमधून उतरताना भोवळ येऊन खाली बसले. तिथल्या डॉक्टरांनी मोजलं तर १९०/११०. थोडक्यात वाचले म्हणायचं.

मला वाटलं, पुडीचं नाव ऐकून डॉक्टर हसतील किंवा चिडतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की ही मुळी खोटी नाही, जगाने बीपीचं औषध म्हणून ती वापरलेली आहे. मग मला म्हणाले की तू पेपरात काम करतेस ना, तर रुस्तम वकील कोण होते ते शोध. मी शोधलं. या पानावर आज तेच आहेत.

डॉ. रुस्तम जाल वकील. नावावरून कोर्टातले वाटतात, पण होते हृदयविकारतज्ज्ञ. १७ जुलै १९११ रोजी मुंबईत जन्म, पारशी कुटुंब. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला परत आले आणि पुढे परळच्या केईएम हॉस्पिटलशी आणि त्याला जोडून असलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजशी त्यांचं नाव जोडलं गेलं. हे कॉलेज कशासाठी निघालं, तेही ठाऊक असू द्या. इंग्रजांच्या काळात मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांना मिळायच्या. म्हणून शिकवणारे सगळे भारतीयच असतील, या अटीवर हे कॉलेज १९२०च्या दशकात सुरू झालं. लंडनहून आलेल्या तरुण डॉक्टरला काम करायला मुंबईत यापेक्षा चांगली जागा नव्हती.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. बीपी मोजायचं यंत्र होतं, पारा वर चढायचा, आकडा दिसायचा. पण आकडा दिसल्यावर करायचं काय, याला उत्तर नव्हतं. विश्रांती घ्या, मीठ बंद करा, झोपेचं औषध घ्या. अगदीच वाढलं तर पाठीतल्या नसा कापण्याचं मोठं ऑपरेशन. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचंच घ्या. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना त्यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी यंत्रात ३००/१९० दिसलं होतं. तुमच्या आजीच्या डब्यात आज जी गोळी आहे, तिच्या तोडीचं काहीही तेव्हा व्हाइट हाउसमध्येसुद्धा नव्हतं.

त्याहून गंमत म्हणजे, बीपी खाली आणावं का यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं. कारण सापडत नाही अशा वाढलेल्या रक्तदाबाला इंग्रजीत 'इसेन्शिअल हायपरटेन्शन' म्हणतात. इसेन्शिअल, म्हणजे आवश्यक. धमन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागणारच, तो जोर काढून घेतला तर माणूस जायचा, असं बऱ्याच शहाण्या डॉक्टरांना वाटत होतं. समजूत गेली, नाव राहिलं. तुमच्या घरातल्या केसपेपरवर ते अजून सापडेल.

अशा वेळी वकीलांच्या हातात एक मुळी आली. खरं तर आली म्हणणं चूक, ती इथेच होती. सर्पगंधा हे दोन-तीन फुटांचं झुडूप आहे, पांढरी-गुलाबी फुलं आणि नागमोडी मूळ. आपल्याकडच्या वैद्यकात ती शेकडो वर्षं आहे. साप चावला, ताप आला, झोप लागत नाही, डोकं फिरलं, तर सर्पगंधा. बिहारकडे तिला पागल की दवा म्हणत. नागाशी भिडण्याआधी मुंगूस हिचं पान खातं, अशीही एक कथा आहे. साप-मुंगसाच्या गोष्टी आपल्या केळीच्या बागांमध्येही कमी नाहीत, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अशा लेखांत नेहमी घोटाळा होतो. सर्पगंधाने बीपी उतरतं हे वकीलांनी शोधलं नाही. १९३१मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते छापून ठेवलं होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिलं. कलकत्त्यालाच रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. मुळीच्या गोळ्याही बाजारात मिळू लागल्या होत्या आणि अनेक डॉक्टर त्या देत होते. मग वकीलांनी केलं काय?

त्यांनी मोजलं. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बीपी मोजणं म्हणजे साखर मोजणं नव्हे. जिना चढून आलात, वाढलं. डॉक्टर दिसला, वाढलं. दोन-तीन दिवस दवाखान्यात पडून राहिलात, घाबरणं कमी झालं, की औषधाशिवायही उतरलं. म्हणजे कुणालाही राख दिली आणि आठ दिवसांनी मोजलं, तरी काही लोकांचं बीपी खाली आलेलं दिसणार आणि राख देणारा बुवा प्रसिद्ध होणार. मुळीने उतरलं की आरामाने उतरलं, हे वेगळं कसं काढायचं? माझ्या रुग्णांना गुण आला, हे वाक्य वैद्यही म्हणत होते आणि डॉक्टरही. त्या वाक्यावर परदेशातला एकही डॉक्टर औषध लिहून देणार नव्हता.

वकील दहाएक वर्षं ही मुळी रुग्णांना देत होते, नोंदी ठेवत होते. मग त्यांनी ५० रुग्ण निवडले. मुळीच्या गोळ्या ठरलेल्या मापात, चार आठवडे. आधीचा दाब, नंतरचा दाब, वरचा आकडा वेगळा, खालचा वेगळा. औषध थांबवल्यावर काय होतं तेही. पाचांपैकी चाराहून जास्त रुग्णांमध्ये दाब उतरलेला दिसला. काहींचा नावापुरता, काहींचा चांगलाच. हे सगळं १९४९मध्ये लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आलं. फार मोठा लेख नाही. आपल्या सेमिनारच्या फाइलपेक्षा लहान.

आजच्या फूटपट्टीने बघितलं तर त्यात उणिवा आहेत. तुलनेसाठी नुसती खोटी गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायची पद्धत तेव्हा नुकतीच, म्हणजे १९४८मध्ये, इंग्लंडच्या क्षयरोगाच्या औषधाच्या चाचणीतून रूढ व्हायला लागली होती. पण वकीलांचा कागद वाचणाऱ्याला हाताशी काहीतरी होतं. किती जणांना दिलं, किती दिवस दिलं, किती उतरलं. आवडलं नाही तर स्वतः करून बघ, अशी सोय होती. नुसत्या गुण येण्याच्या गोष्टीला ती सोय नसते.

आणि लोकांनी खरंच करून बघितलं. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स नावाचे डॉक्टर बीपीवर काम करत होते. त्यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना दिली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपले निष्कर्ष सांगितले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२मध्ये मुळीतलं मुख्य काम करणारं द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रेसर्पीन. न्यूयॉर्कजवळ नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं, म्हणजे पागल की दवा या नावातही तथ्य निघालं. १९५६मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी इतका गुंतागुंतीचा हा रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवला. ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकातले वुडवर्ड ते हेच. १९४९ ते १९५६, सात वर्षं फक्त. त्याआधी ही मुळी किती शतकं आपल्या बटव्यात पडून होती, ते तुम्हीच मोजा.

१९५७मध्ये वकीलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकीय जगात नोबेलच्या खालोखाल याचं नाव घेतात. त्याच वर्षी तो क्लाइन यांनाही मिळाला, मनोरुग्णांवरच्या कामासाठी. १९५८मध्ये पद्मभूषण, १९६५मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. पुरस्कारांची यादी इथेच थांबवते.

आता ती मुळी शरीरात करते काय? इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण हे कळलं की तुमच्या डब्यातल्या गोळ्याही कळतील. आपण जळगाव-धुळ्याची माणसं, आपल्याला ठिबक कळतं. शेतात मोटर आहे, मेन पाइप आहे, त्याला लॅटरलच्या बारीक नळ्या आहेत आणि एक प्रेशर गेज आहे. गेजचा काटा कशाकशाने चढेल? मोटर जोरात चालली तर. पाइपात पाणी जास्त असेल तर. आणि नळ्या अरुंद झाल्या तर. बस, तिन्हीच. हृदय म्हणजे मोटर, रक्त म्हणजे पाणी, धमन्या म्हणजे नळ्या. फरक एवढाच की आपल्या शरीरातल्या बारीक नळ्या मुक्या प्लॅस्टिकच्या नसतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि मेंदू चेतातंतूंमधून त्यांना सतत निरोप पाठवत असतो, आवळा, सैल सोडा, आवळा. काटा कायम चढलेला राहिला तर ठिबकचा जोड कुठेतरी उखडतो. शरीरात तो जोड मेंदूत असतो, डोळ्यात असतो, किडनीत असतो. आणि मोटर आधी थकते.

आवळा हा निरोप पोहोचवणारं रसायन म्हणजे नॉरअॅड्रिनलिन. चेतातंतूच्या टोकाशी ते बारीक बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. निरोप आला की पिशवी फुटते, रसायन नळीच्या स्नायूवर पडतं, नळी आवळते. रेसर्पीन या पिशव्या भरणारा पंपच अडवतं. पिशवीत न गेलेलं रसायन तिथेच मोडून जातं. हळूहळू साठा संपतो. मेंदू ओरडतोय आवळा आवळा, पण टोकाशी पाठवायला माल नाही. नळ्या सैल, दाब खाली. साठा एका दिवसात संपत नाही, म्हणून औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. औषध थांबवलं तरी साठा परत भरायला वेळ लागतो, म्हणून परिणाम काही काळ टिकतो. वकीलांनी चार आठवडे का थांबायला हवं होतं, ते आता लक्षात आलं? त्यांना १९४९मध्ये या पिशव्यांची कल्पनाही नव्हती. ते कळायला आणखी बरीच वर्षं गेली. आधी आकडे आले, कारण मागाहून.

(जाता जाता एक. या पिशव्यांच्या शोधात स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे पुतळ्यासारखे निश्चल झाले. मग एल-डोपा दिल्यावर उठून चालायला लागले. पार्किन्सनच्या उपचारांची वाट तिथून निघाली आणि कार्लसन यांना २०००मध्ये नोबेल मिळालं. एका मुळीमागे किती लोक धावले बघा.)

पण पिशव्या फक्त धमन्यांजवळ नसतात, त्या मेंदूतही असतात. तिथेही साठा रिकामा व्हायला लागला. १९५०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं की जास्त मात्रेत रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खोल उदास होतात. नाक चोंदणं, सुस्ती, पोटात आम्ल वाढणं, हे तर होतंच. मात्रा कमी केल्यावर त्रास कमी झाला, पण शंका राहिली. नानांची पुडी मी डॉक्टरांच्या टेबलावर पुन्हा पाहिली तेव्हा मला हे आठवलं. पुडीवर वजन आहे, किंमत आहे, देवाचा फोटो आहे. एका चमच्यात मुळी किती आणि मुळीत ते द्रव्य किती, हे कुठेच नाही. जमीन बदलली, हंगाम बदलला, मुळी कोवळी की जून, की प्रमाण बदलतं. कमी पडलं तर बीपी १९०, जास्त झालं तर माणूस भिंतीकडे तोंड करून बसणार. त्यात नाना पुडी कधी रोज घ्यायचे, कधी आठवड्यातून तीनदा.

वकीलांच्या हयातीतच रेसर्पीनने सर्वांत मोठं काम केलं, पण एकट्याने नाही. बीपी उतरतं हे कळलं होतं, पण त्याने माणूस वाचतो का, हा प्रश्न १९६०च्या दशकापर्यंत लोंबकळत होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुष निवडले, ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना तीन औषधं एकत्र दिली, एक लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं, एक धमन्या सैल करणारं आणि एक रेसर्पीन. उरलेल्यांना खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. १९६७मध्ये निकाल छापला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी चार जण दगावले होते, खरी घेणाऱ्यांपैकी एकही नाही. लकवा, हृदय निकामी होणं, डोळ्यांतला रक्तस्राव या गोष्टी खोट्या गोळीच्या गटात ढिगाने, खऱ्या गोळीच्या गटात जवळपास नाहीतच. इसेन्शिअल या शब्दातला आवश्यकपणा त्या दिवशी संपला. परळमधल्या ५० रुग्णांपासून ही वाट निघाली होती, असं मी म्हणेन. काही लोक म्हणतील मी जरा ताणतेय. म्हणू दे.

वकील मात्र एका मुळीवर आयुष्यभर बसून राहिले नाहीत. छातीत दुखतंय, पण हार्ट अटॅक म्हणावा असाही नाही आणि नेहमीचं दुखणंही नाही, अशा मधल्या अवस्थेवर त्यांनी १९६१मध्ये अमेरिकेच्या 'सर्क्युलेशन' मासिकात लिहिलं. हा धोक्याचा इशारा आहे, याला वेळीच धरा, असं त्यांचं सांगणं. आज अशा रुग्णाला थेट आयसीयूत घेतात. शिवाय ते शिकवणारे होते. वैद्यकीयला असलेल्या तुमच्या मित्र-मैत्रिणींच्या टेबलावर गोलवाला नावाने ओळखलं जाणारं 'फिजिकल डायग्नोसिस' असेल, तर त्याचं मुखपृष्ठ नीट बघायला सांगा, दुसरं नाव वकीलांचं आहे. रुग्णाला हात लावून, ऐकून, विचारून आजार कसा ओळखायचा, याचं ते पुस्तक. १९६९मध्ये भारतातल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने आपलं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक काढलं, त्याचे संपादकही तेच. तोवर इथली पोरं इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णांची वर्णनं पाठ करून इथल्या वॉर्डात जायची.

शेवटचं वर्ष विचित्र होतं. सप्टेंबर १९७४मध्ये 'लॅन्सेट' या मासिकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास एकाच वेळी छापून आले. रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग जास्त होतो, असं तिन्हींचं म्हणणं. जगभर बातम्या. कोट्यवधी लोक घेत असलेलं औषध एका आठवड्यात संशयित. दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, डॉ. वकील गेले. वय ६३.

नंतरच्या अभ्यासांमध्ये तो संबंध टिकला नाही. गडबड तुलनेत होती. कर्करोग झालेल्या स्त्रियांची तुलना ज्यांच्याशी केली, त्या गटातून हृदयाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण आधीच वगळलेले होते. म्हणजे बीपीची गोळी घेणारेच बाजूला काढायचे आणि मग म्हणायचं, बघा, या गटात बीपीची गोळी कमी लोक घेतात. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला झोपणाऱ्यांनी (मी त्यातलीच) हे एक उदाहरण तरी लक्षात ठेवा. पण निर्दोष सुटेपर्यंत औषधाचा बाजार उठला होता. तोवर नवी औषधं आली होती आणि त्यांचे त्रासही कमी होते. आपल्याकडे 'अडेल्फेन' नावाची रेसर्पीन असलेली गोळी पुढेही बरीच वर्षं चालली. आजोबांना विचारा, नाव ओळखतील.

तुमच्या डब्यात आता बहुतेक ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल. ॲम्लोडिपिन नळीच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही. स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं, ते नाही तर नळी सैल. कुणाकुणाचे पाय सुजतात ते यामुळेच. टेल्मिसार्टन दुसरा एक निरोप अडवतं, किडनीने सुरू केलेला, अँजिओटेन्सिनचा. निरोप येतो, पण दाराला कुलूप. नावात थायाझाइड असेल किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर ती जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते, म्हणून सकाळी घ्यायची. आणि नाव 'लोल'वर संपत असेल तर ती मोटरचा वेग कमी करते. डॉक्टर दोन-तीन एकत्र देतात ते याचसाठी, एक मोटरकडे बघते, एक पाण्याकडे, एक नळीकडे. सापांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, टेल्मिसार्टनच्या आधीचं कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता सापडलं. नावात साप असलेल्या मुळीनंतर खराखुरा साप.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यातली कुठलीही गोळी बीपीचा आजार काढून टाकत नाही. गोळी पोटात आहे तोवर दार बंद, कॅल्शियम बाहेर, पाणी कमी. गोळी थांबली की दार उघडलं. नानांचं १२०/८० हे गोळीचं १२०/८० होतं. सेव्ह-भाजी, लोणचं, पापड आणि वर मिठाची ती चिमूट, हे तर चालूच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला निघाला. पाच जणांच्या घरात एक तर धराच. आणि त्या एकाला काही दुखत नसतं, हीच अडचण.

आणि सर्पगंधा? ती आज आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. औषध म्हणून मूळच खणायचं असतं, म्हणजे झाड जातं. १९५०च्या दशकात जगाला एकदम मुळी हवी झाली आणि जंगलं खणली गेली. बॉटनीवाल्यांनी कॉलेजच्या बागेत बघावं, कुठे कुठे लावलेली असते. बघा, उपटू नका.

नानांची गोळी परत सुरू झाली. पुडी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितलं, कारण चालू गोळीवर मुळी टाकली तर दाब भलताच खाली जाऊ शकतो. घरी यंत्र आणलंय. मोजायचं कसं तेही शिकून घेतलं. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, अर्धा तास आधी चहा नाही, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीवर, दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. नाना फक्त चांगला आकडा लिहायचे. आता वही माझ्याकडे आहे.

काल सकाळी १३८/८६, मग १३४/८४. दोन्ही लिहिलेत.